आमच्या शेतातली पहिली येळवस

ये मनू, अशी जवळ बस. कागदावर का होईना, बस. आणि तो फोन आधी उलटा ठेव. पुण्याहून मला फोटो पाठवायला तुला वेळ असतो, पण जमीन घ्यायच्या आधी आजीला एक शब्द विचारायला नसतो, होय ना? एकरभर रान घेतलंस, तेही मुरुडच्या पुढं, माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर, आणि मला कळलं ते सगळ्यांच्या नंतर. सातबारा बघितला म्हणतेस, रस्ता बघितला, बोअरला पाणी किती फुटावर लागतं ते विचारलं, सूर्य कुठल्या बाजूला मावळतो तेसुद्धा बघितलं. शहाणी आहेस. पण त्या फोटोत तुझ्या मागं एक लिंबाचं झाड आहे आणि त्याच्या बुडाशी काहीतरी पांढरं दिसतंय. मी दोन बोटांनी फोटो मोठा करून करून बघितला. तुला विचारलं तर तू लिहिलंस, "चुनखडी असेल आजी, सोमवारी जेसीबी येतोय, सगळं साफ होईल." त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या आठवणींच्या वहीत हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. बाकी सगळं लिहून झालं होतं, माझं लग्न, इस्लापूरचं सासर, तुझ्या आईचं बाळंतपण. हे तेवढं गाळलं होतं. आता तुझ्यामुळं लिहिते.

आम्ही तेव्हा मुरुडात दाळ मिलच्या मागं एका खोलीत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारात मापाडी होते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दुसऱ्याची तूर, दुसऱ्याची ज्वारी मापायची, आणि घरी येताना धोतराच्या घडीत अडकलेले चार दाणे मायच्या हातावर झटकायचे. मिल सुरू झाली की आमची भिंत थरथरायची. फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून दिवसभर किणकिणायची, आणि मिल बंद झाली की कानात अशी पोकळी व्हायची की धाकटा भाऊ पाळण्यात दचकून रडायचा. तुरीच्या टरफलांचा धुरळा सगळ्या अन्नात असायचा. रोज चुरीचं वरण. चुरी म्हणजे मिलमध्ये डाळ फुटून जो बारीक चुरा खाली राहतो तो, कामवाल्यांना स्वस्तात मिळायचा. माय त्याला लसणाची अशी फोडणी द्यायची की शेजारचे म्हणायचे, मापाड्याच्या घरी रोजच सण. माय हसायची नाही. तिला माहीत होतं सण कशाला म्हणतात ते.

आमच्याकडं लातूर भागात खरा सण एकच, येळवस. पुण्याच्या लोकांना वेळ अमावस्या म्हटलं तरी कळत नाही. थंडीत ज्वारी कमरेएवढी झाली, हरभऱ्याला घाटे धरले, की त्या अवसेला अख्खं गाव रानात जातं. गल्लीत कुत्रंसुद्धा राहत नाही. रानात कडब्याची छोटी खोप करायची, तिच्यात पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. त्यांना निवद दाखवायचा, ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेली अंबील पिकावर शिंपडायची आणि मग जेवायला बसायचं. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि अंबील, अंबील, अंबील. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हाक मारायची रीत. ज्याला रान नाही त्यानं दुसऱ्याच्या रानात जायचं. आम्हाला रान नव्हतं. आम्ही गिरजामावशीच्या रानात जायचो.

गिरजामावशी आमच्या नात्याची नव्हे. सगळं गावच तिला मावशी म्हणायचं. उंच, काळी, दात तपकिरीनं काळे पडलेले, नवरा कधीचा गेलेला. विहिरीसकट चार एकर रान एकटीनं कसायची. मी बांधावर दिसले की लांबूनच ओरडायची, "आली बगा माजी पाहुणी! आज पाहुणीला उटता येऊस्तवर खाऊ घालायचं न्हाई, उटताच येऊ नये असं घालायचं!" माझा पितळी गिलास तिनं कधी रिकामा होऊ दिला नाही. मी नको म्हणून वर हात धरला तर ती माझ्या बोटांवरून अंबील ओतायची आणि सगळी पंगत हसायची. निघताना मायच्या पदरात उरलेली भज्जी, उंडे बांधून द्यायची. माय खाली बघून घ्यायची. वाटेत एकदा ती अण्णांना म्हणाली होती, "दुसऱ्याच्या बांधावर बसून खाल्लेलं पोटात ऱ्हात न्हाई, डोक्यात ऱ्हातं." अण्णा म्हणाले, "ती किती मायेनं वाढती." माय म्हणाली, "तेच तर."

मग मावशीच्या पोराला लातूरला दुकानाचा गाळा घ्यायचा झाला. शेतात त्याचं मन नव्हतं. रान विकायला काढलं. मायनं ते ऐकलं आणि त्याच दिवशी अंगावरचं सोनं काढून अण्णांपुढं ठेवलं, मंगळसूत्राचे दोन मणी तेवढे राहिले. बाकीचं कसं जमवलं ते सांगत बसत नाही. जमवलं. पण कागदावर मावशीचंही नाव होतं, तिच्या अंगठ्याशिवाय बयनामा, म्हणजे खरेदीखत, होणार नव्हता. अण्णा मला बरोबर घेऊन रानात गेले. मावशी खोपीपाशी बसली होती, पांडवांवर वाळकं पान पडलं होतं ते उचलत.

"अंगटा देते," ती म्हणाली. "पोराच्या आड येत न्हाई. पन येळवस माजी ऱ्हाईल. वर्सातून येक दिस. मी येईन, माज्या पांडवांना चुना लावीन, अंबील शिपडीन आन् जाईन. बाकीचे समदे दिस तुमचे."

"अवो मावशी, काय बोलता!" अण्णांनी पांडवांवर हात ठेवला. "रान तुमचंच समजा. मी जबान देतो."

एवढंच तिनं मागितलं. एक दिवस. हे नीट लक्षात ठेव मनू, कारण पुढं जे झालं ते त्या एका दिवसाचंच आहे. तिनं अंगठा दिला. पोरगा तिला लातूरला चल म्हणाला, ती गेली नाही. गावात भाड्याच्या खोल्या होत्याच किती? आम्ही रानात पत्र्याच्या शेडात राहायला गेलो आणि दाळ मिलमागची आमची खोली तिनं घेतली. आमच्याच चुलीवर ती स्वयंपाक करायला लागली.

रानातले पहिले दिवस मी विसरणार नाही. पहाटे मिलच्या आवाजाऐवजी होला घुमताना ऐकू यायचा. माय मेथी उपटून तशीच मातीसकट हुंगायची. संध्याकाळी उगीच बांधाबांधानं फिरून यायची, एकटी, हात मागं बांधून, पाटलासारखी. मला तिचं हसू यायचं आणि भीतीही वाटायची. दोन खोल्यांच्या घराचा पाया खणायला घेतला होता. त्याच सुमारास माझा मामा आला. मामा मुदखेडला रेल्वेत गँगमन. जंक्शनवर दहा गावची माणसं भेटत असल्यानं जगातला सगळा कायदा आपल्याला कळतो असं त्याला वाटायचं. जेवता जेवता अण्णांनी त्याला येळवशीची गोष्ट सांगितली, कौतुकानं. मामाचा घास हातातच राहिला.

"अक्का," तो मायला म्हणाला, "मी तुला सांगून राहिलो, कोर्टात दोनच गोष्टी चालतात. कागद आन् वहिवाट. कागद तू घेतलास, वहिवाट तिच्याकडंच ठेवलीस. बारा वर्सं ती येऊन पूजा करंल, चार मानसं जेवू घालंल. मंग तिचा नातू उभा ऱ्हाईल आन् म्हनंल, बगा साहेब, देव आमचे, पंगत आमची, रान कुनाचं?"

अण्णा हसले. "अंबिलीनं कुठं जमीन जाती का?"

"अंबिलीनं न्हाई जात दाजी. भोळेपनानं जाती."

माय भाकरी थापत राहिली. तिच्या हाताचा आवाज मात्र बदलला. शेवटची भाकर तव्यावर टाकून म्हणाली, "खरं हाय त्याचं. ज्याची अंबील त्याचं रान. इतकी वर्सं आपन तिची पिली, म्हनूनच पाहुणे होतो." अण्णा म्हणाले, मी जबान दिलीय. माय म्हणाली, "जबान तुमी दिली. सोनं मी दिलं."

तुझा बाप वकील. खूप वर्षांनी मी त्याला विचारलं होतं, काय हो, वर्षातून एकदा येऊन पूजा केली तर रान जातं का? तो इतका हसला की त्याला ठसका लागला. हसत हसतच म्हणाला, सासूबाई, असं असतं तर गावागावातले पुजारी जमीनदार झाले असते. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

दुसऱ्याच दिवशी मायनं खोप मोडली. कडबा बैलांना टाकला. गवंडी दाराची चौकट उभी करत होता, उंबऱ्याखाली भरायला त्याला दगड हवेच होते. माय मला म्हणाली, "सरू, ते पाच आन." तीन मामानं नेले, दोन मी. कलिंगडाएवढे होते, जड, आणि इतक्या वर्षांच्या चुन्यानं गुळगुळीत झालेले. माझ्या परकराला पांढरं लागलं. गवंडी हातात घेऊन थांबला, म्हणाला, "बाई, हे तर..." माय म्हणाली, "दगड हायत. भर." आम्ही ओढ्यातून नवे पाच आणले. अण्णा त्या दिवशी बाजारात गेले ते उशिरापर्यंत आले नाहीत. माणूस वाईट नव्हता. फक्त वेळेवर कधीच घरी नसायचा.

आणि मग येळवस आली. आमच्या रानातली पहिली. मायनं चार दिवस आधी अंबील आंबवायला घातली होती. मिलमधले कामगार, जुन्या गल्लीतले शेजारी, सगळ्यांना आवतण दिलं होतं. मला नवा परकर, आणि मला एक काम. माय कानाशी लागून म्हणाली, "गाडीवाटेच्या बांधावर जाऊन उभी ऱ्हा. ती आली तर आत पाऊल टाकू द्यायचं न्हाई. म्हन, आमच्यात सुतक पडलंय, औंदा पूजा न्हाई." मी चौदा वर्षांची होते. सुतकाचं खोटं सांगायचं म्हणून मला वाईट वाटलं होतं. तेवढंच वाईट वाटलं होतं.

ती आली. मुरुडापासून चालत, अनवाणी, डोक्यावर अंबिलीचं बिंदगं, म्हणजे लहान मडकं, घोंगड्यात गुंडाळलेलं, एका हातात करवंटीत कालवलेला चुना. गावात तिला कोणीही गाडीत घेतलं असतं, पण ती रानात चालतच यायची, रीत होती तिची. मला बघून तिचं तोंड असं फुललं, आणि लांबूनच ओरडली, "आली का माजी पाहुणी आडवी! धर गं बिंदगं, मान मोडली माजी!"

पाहुणी. आमच्याच बांधावर उभी राहून मला पाहुणी म्हणाली. मला आजही सांगता येत नाही मनू, माझ्या आत काय पेटलं. मायच्या पदरात बांधलेली ती उरलेली भज्जी, तिचं खाली बघणं, सगळं एकदम वर आलं. सुतक मी विसरून गेले.

मी म्हणाले, "मावशी, पाहुणी तुमी. रान आता आमचं हाय. इतकी वर्सं आमी परक्याच्या रानात जेवलो. आता तुमी जावा परक्याच्या रानात. पन आमच्यात न्हाई."

ती थांबली. करवंटी कलली आणि चुन्याचे थेंब तिच्या पायावर पडत राहिले, तिला कळलं नाही. मागं रानात मिलचे लोक हसत होते, कोणीतरी ज्वारीत अंबील शिंपडत ओरडत होतं. मग तिनं विचारलं, अगदी हळू, "मायनं सांगितलं का गं असं म्हन म्हनून?"

मला वाचायची वाट तिनं दिली होती. हो म्हटलं असतं तर ते मायनं शिकवलेलं, लहान पोरीचं बोलणं झालं असतं.

"न्हाई," मी म्हणाले. "माजं मी."

"हाव," ती म्हणाली. "मंग खरंच हाय." करवंटी खाली ठेवून म्हणाली, "बरं, आत येत न्हाई मी. माजे पांडव तेवढे आनून दे. पदरात घेऊन जाते. माज्या सासूनं मांडलेले हायत, तिच्याकडं तिच्या सासूचे आले. रान इकलं मी, त्यांला न्हाई इकलं."

"ते न्हाईत. उंबऱ्याखाली भरलेत."

तिनं माझ्या खांद्यावरून बघितलं. भिंती तेव्हा गुडघ्याएवढ्याच होत्या, पण चौकट उभी होती, तिला मायनं आंब्याचा डहाळा बांधला होता. पाहुणे आत-बाहेर करून जागा बघत होते, एकजण उंबऱ्यावर उभा राहून अण्णांशी बोलत होता. मावशी बघत राहिली. मला वाटलं आता ती शिव्या देईल, छाती बडवेल, आणि मग मला बरं वाटेल. ती एवढंच म्हणाली, "मंग जाता-येता पाय लागंल की गं."

तिथूनच तिनं हात जोडले. मग बिंदगं खाली उतरवलं, घोंगडं सोडलं, कमरेचा गिलास काढून भरला आणि माझ्यापुढं धरला. "पी. तोंड वाळून गेलंय तुजं." मी प्यायले. एक नव्हे, दोन गिलास. गार, आंबट, लसूण जिरं घातलेली. मायच्या अंबिलीला ती चव कधीच आली नाही. तिसऱ्याला मी हात आडवा धरला तेव्हा तिनं माझ्या बोटांवरून ओतली नाही. गिलास पदरानं नीट पुसून कमरेला खोचला. "बिंदगं ऱ्हाऊ दे. वापस नेऊन कुनाला घालू?" असं म्हणून निघाली. पुन्हा वळून बघितलं नाही.

माय धावत आली. "काय म्हनाली? तू प्यालीस का काही तिचं?" मी न्हाई म्हणाले. आयुष्यात मायशी बोललेलं माझं ते पहिलं खोटं. मायनं बिंदगं बांधाबाहेर गाडीवाटेवर नेऊन आपटलं. अंबील धुळीत पांढरी पसरली आणि तिच्यावरून पाहुण्यांची पुढची गाडी गेली. नंतर आम्ही जेवलो. खोटं कशाला लिहू, मी पोटभर जेवले. माय पंगतीत फिरून फिरून वाढत होती, गिलास रिकामा होऊ देत नव्हती, नको म्हणणाऱ्याच्या बोटांवरून ओतत होती. हुबेहूब गिरजामावशी. निघताना तिनं सगळ्यांच्या पदरात उरलेलं बांधून दिलं.

आता तू म्हणशील, पुढं काय झालं, देवानं बघितलं असेल. काही बघितलं नाही. विहीर आटली नाही. त्या वर्षी हरभरा असा आला की अण्णा स्वतःचंच माप करताना चुकले. घर उभं राहिलं, त्यावर माळा चढला, भाऊ शिकला, लातूरला मोठा झाला. माय झोपेत गेली, सुखानं, अंगावर पुन्हा केलेलं सगळं सोनं घालून. अण्णांनी मात्र त्यानंतर येळवस कधी केली नाही, दरवर्षी त्या दिवशी त्यांचं पोट बिघडायचं.

आणि मावशी अकरा वर्षं त्या खोलीत राहिली. येळवशीला सगळं गाव रिकामं व्हायचं, मिलही बंद असायची, आणि ती दारात एकटी बसायची. लोकांनी बोलावलं नाही असं नाही, गाड्या दारात थांबायच्या. ती हसून म्हणायची म्हणे, "सरूनं सांगितलंय मला, परक्याच्या रानात जा म्हनून. लई बरोबर बोलली पोरगी. पन पायच उटत न्हाई बगा." हे मला इस्लापूरला कळलं, मी तुझ्या आईच्या वेळी दिवस मोजत होते तेव्हा. माझं वाक्य तिनं कुणाला शिवी म्हणून सांगितलं नाही. शहाणपण म्हणून सांगितलं. ती गेली तेव्हा मी आले नाही. बाळ लहान आहे म्हणाले. बाळ लहान नव्हतं.

तुझे आजोबा गेल्यावर मी इथं राहायला आले, भावानं घर मला दिलं. पहिल्याच महिन्यात गवंडी बोलावला, म्हटलं उंबरा काढ, खालचे दगड हवेत. तो म्हणाला आजी, आता काढला तर भिंत बसेल, अख्खं घर त्याच्यावर आहे. त्याच्यावरच आहे, मला काय नवं सांगतोस. तेव्हापासून मी ओलांडून जाते. गुडघे साथ देत नाहीत, चौकट धरून एक पाय उचलते, मग दुसरा. बाकीचे सगळे, पोस्टमन, दूधवाला, तुझी मामी, खुशाल पाय देऊन येतात. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. तुलाच पहिल्यांदा.

म्हणून म्हणते मनू, सोमवारचा तो जेसीबी थांबव. रान ज्यांच्याकडून घेतलंस त्यांच्यात कोणी म्हातारी असेल. तिला शोध, आणि लिंबाखाली ते पांढरं काय आहे ते तिलाच विचार. सातबाऱ्यावर ते सापडायचं नाही. आणि त्याच्या आधी माझ्याकडं ये. लवकर ये, शनिवारचीच निघ, मला हे आता फार दिवस मनात धरून ठेवता येत नाही. अंबील मी करून ठेवते, तशी चव येणार नाही ते माहीत आहे. दार उघडंच असेल. फक्त आत येताना उंबऱ्यावर पाय देऊ नको, पोरी. ओलांडून ये.